औषध नाही हो, ते असंच घेतो

ही पोस्ट खरं तर माझ्याच पेशातल्या लोकांसाठी आहे. नर्सेस, डॉक्टर, फार्मासिस्ट. बाकीच्यांनी वाचली तर उलट बरंच.

अ‍ॅडमिशनच्या वेळी आपण एक प्रश्न ठरल्यासारखा विचारतो, "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" पेशंट म्हणतो, "नाही." आपण केस पेपरवर तसं लिहितो आणि पुढच्या कॉटकडे वळतो. मीही कित्येक वर्षं हेच केलं.

मग एक आजोबा आले. अशक्तपणा, पायात गोळे, तीन गोळ्या चालू असूनही बीपी चढलेलं. पोटॅशियम २.६ (साडेतीनच्या खाली गेलं की आपण काळजी करतो). त्यांना लघवी होण्याची गोळी चालू होती, तिनेही पोटॅशियम उतरतं, त्यामुळे सगळा आळ तिच्यावर आला. ती बंद केली, सलाइनमधून पोटॅशियम दिलं. आकडा वर गेला आणि दोन दिवसांत पुन्हा घसरला. राउंडला रोज नवी शंका, रोज नवी तपासणी.

तिसऱ्या रात्री चादर बदलताना उशीखालून रुमालात गुंडाळलेली डबी निघाली. आत पिवळसर भुकटी, गोडसर वासाची.

"आजोबा, हे काय?"

"ते होय? ज्येष्ठमध. औषध नाही हो सिस्टर, ते असंच घेतो. खोकल्याला बरं पडतं."

असंच म्हणजे दिवसातून चार चमचे, दोन महिन्यांपासून. आणि वॉर्डात आल्यावरही.

ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिन नावाचं द्रव्य असतं. कॉर्टिसोल हे आपल्या शरीरातलंच संप्रेरक. मूत्रपिंडात त्याला निष्प्रभ करणारं एक एन्झाइम असतं, ग्लायसिरायझिन तेच अडवतं. मग कॉर्टिसोल मोकाट सुटतं, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. बीपी वर, पोटॅशियम खाली. त्यात लघवीच्या गोळीची भर. आजोबांचं दुखणं पाठ्यपुस्तकात छापलेलं होतं, पण ती डबी आमच्या कुणाच्याच केस पेपरवर नव्हती. डबी बंद झाल्यावरही बीपी ताळ्यावर यायला बरेच दिवस लागले.

मला जास्त लागलं ते त्यांचं पुढचं वाक्य. "मागं एका डॉक्टरांना सांगितलं होतं, तर केवढे ओरडले. म्हणून आता कुणाला बोलत नाही."

त्या डॉक्टरांना नावं ठेवायला माझी जीभ उचलली नाही, कारण मीही ओरडलेली आहे. किमो चालू असलेल्या एका बाईंच्या हातात कसल्याशा कॅप्सूलची बाटली दिसली, आणि सगळ्या वॉर्डासमोर मी त्यांना अंधश्रद्धेवर भाषण ऐकवलं. दुसऱ्या दिवसापासून मी आत शिरले की त्या कॉटशेजारचा खण ढकलून बंद करायच्या. कॅप्सूल थांबल्या नव्हत्या, फक्त मला दिसायच्या थांबल्या होत्या. त्यात काय होतं हे मला आजही माहीत नाही.

हे दुखणं जुनं आहे. डेव्हिड आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९० साली अमेरिकेत केलेली एक पाहणी १९९३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. साधारण तिघांतला एकजण नेहमीच्या वैद्यकाबाहेरचा कुठला ना कुठला उपचार घेत होता. आणि जे डॉक्टरांकडेही जात होते, त्यांतल्या ७२ टक्के लोकांनी डॉक्टरांना त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. ही पाहणी वाचली तेव्हा मला तो ढकललेला खण आठवला.

आपल्यातले काहीजण म्हणतात, "घेऊ दे की, त्यात काही नसतं." मला हे ओरडण्यापेक्षाही वाईट वाटतं. काही नसतं कसं? मलेरियावरचं आर्टेमिसिनिन एका झुडपातून आलं, आणि त्यासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळालं. बीपीवरचं रेसरपिन सर्पगंधेतून आलं. वनस्पतीत दम असतो, म्हणूनच तर ती इतर औषधांशी भांडते. सेंट जॉन्स वॉर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती यकृतातली एन्झाइम्स इतकी जागी करते की सायक्लोस्पोरिन, म्हणजे बदललेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध, भराभर मोडून जातं. हृदय बदललेल्या दोन पेशंटमध्ये याच कारणाने नव्या हृदयाला शरीराचा नकार सुरू झाल्याची नोंद २००० साली 'लॅन्सेट'मध्ये आहे. केसांसाठी घेतात त्या बायोटिनचंच बघा. साधं जीवनसत्त्व, पण जास्त डोसात काही रक्त तपासण्या चुकवतं. हार्ट अटॅक ओळखण्यासाठी रक्तात बघतात ते ट्रोपोनिन खोटंच कमी दिसू शकतं, म्हणजे हार्ट अटॅक असून रिपोर्ट नॉर्मल. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१७ मध्ये तसा इशाराच दिला होता.

आणि सगळंच झटकून टाकायचं म्हटलं, तर जुनाट कंबरदुखीचं काय करणार? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये सांगितलं की गोळीआधी व्यायाम, योग, अ‍ॅक्युपंक्चर असले उपाय करून बघा. गुण बेताचाच येतो, पण वेदनाशामक गोळ्यांनी तरी कुठे फार येतो? शिवाय मालिश करणारा माणूस पेशंटला अर्धा तास देतो, त्याचं गाऱ्हाणं ऐकतो. आपण चार मिनिटं देतो, तीही कॉम्प्युटरकडे बघत.

एका ठिकाणी मात्र मी जराही मागे हटत नाही. पूरक आणि पर्यायी हे दोन शब्द आपण जोडीने वापरतो, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पूरक म्हणजे उपचारासोबत, पर्यायी म्हणजे उपचाराऐवजी. २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासात, लांब न पसरलेल्या कॅन्सरवर फक्त पर्यायी उपचार निवडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहूनही जास्त. ही बातमी पेशंटला मऊ शब्दांत पण स्पष्ट सांगावीच लागते. आणि खण आधीच बंद झालेला असेल तर ती सांगणार कुणाला?

हल्ली मी प्रश्न बदललाय. 'औषध' हा शब्दच काढून टाकला, कारण डॉक्टर लिहून देतात तेच औषध असं पेशंटच्या डोक्यात पक्कं असतं. मी विचारते, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय जातं? काढे, चूर्ण, थेंब, पावडर, कुणी आणून दिलेलं, काहीही." मग गप्प बसते. हे गप्प बसणं मला फार जड जातं, पण माणूस तेवढ्यातच आठवतो. उत्तर आलं की भुवई हलू द्यायची नाही. "कशासाठी घेता? बरं वाटतं का?" एवढंच. नाव, किती, कधीपासून, सगळं केस पेपरवर लाल शाईने. ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन, कारण काही वनस्पतींनी रक्तस्राव वाढतो आणि त्या आधीच थांबवाव्या लागतात.

ओपीडीच्या गर्दीत याला वेळ कुठून आणायचा, असं एका ज्युनिअरने परवा विचारलं. दोन मिनिटं जातात, मान्य. आजोबांच्या डबीपायी आमचे तीन दिवस गेले होते.

काल एका मावशींना विचारलं तर आधी "काही नाही" म्हणाल्या. मी पेन तसंच धरून बसले. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, पिशवीत हात घातला आणि एकेक करत पाच बाटल्या माझ्यासमोर मांडल्या. सहावी काढताना म्हणाल्या, "हिचं डॉक्टरांना सांगणार नाही ना?"

सांगणार, म्हटलं. पण तुम्हाला ओरडू देणार नाही.