पोरींच्या कपड्यांवर बोलायला परदेशाचं नाव कशाला?

आमच्या फॅमिली ग्रुपवर कॉलेजच्या ड्रेस कोडचा वाद परत निघालाय. मामाने कुठल्याशा कॉलेजने जीन्स बंद केल्याची पोस्ट टाकली आणि खाली लिहिलं, ‘योग्य निर्णय, परदेशातसुद्धा पोरं युनिफॉर्ममध्ये असतात, थेरं फक्त आपल्याकडे.’ धडाधड अंगठे आले त्याच्यावर. आता त्या ग्रुपात परदेशात राहणारी मी एकटीच, मग गप्प कशी बसू?

मामा, युनिफॉर्म असतो पण शाळेत. सकाळच्या बसमध्ये ब्लेझर-टाय घातलेली शाळेची पोरं ठासून भरलेली असतात हे खरं आहे. पण मी स्कॉटलंडमध्ये ग्लासगोत युनिव्हर्सिटीत शिकते आणि इथे लेक्चरला कोण काय घालून आलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. एक जण जिमच्या कपड्यात येते, दोघीतिघी हिजाबमध्ये असतात, एक मुलगा थेट पायजम्यात येऊन बसतो आणि प्रश्न सगळ्यात चांगले तोच विचारतो. परदेशाचं उदाहरण द्यायचंच असेल तर हे पण द्या ना.

आणि आपल्याकडे काय चाललंय? २०२४ च्या जूनमध्ये चेंबूरच्या एका कॉलेजने फाटक्या जीन्स, टीशर्ट, जर्सी बंद केली. त्याआधी हिजाब, टोपी, बॅज यांच्यावर बंदी घातलीच होती. मुली हायकोर्टात गेल्या तिथे याचिका फेटाळली, मग त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि ऑगस्टमध्ये हिजाब-टोपी-बॅजच्या बंदीला स्थगिती मिळाली. टिकली-टिळ्यावर पण बंदी घालणार का असं कोर्टाने विचारलं होतं. कॉलेजात शिकायला गेलेल्या मुलींना कपड्यांसाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं आणि आमच्या ग्रुपवर हे सगळं ‘शिस्त’ या एका शब्दात संपतं.

माझं सध्याचं आवडतं कॉम्बिनेशन म्हणजे मावशीने नाशिकला शिवून दिलेला खणाचा लांब स्कर्ट आणि त्याच्यावर इथल्या बायर्स रोडवरच्या चॅरिटी शॉपमधून (जुन्या वस्तूंच्या दुकानातून) घेतलेला फेअर आयल नक्षीचा लोकरी स्वेटर. फोटो टाकला तर काकू म्हणाल्या ना धड इकडचं ना धड तिकडचं. काकू, जो खण आपण आपला म्हणतो तो पिढ्यानपिढ्या कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला विणला जातो. आणि हा स्वेटर स्कॉटलंडच्या शेटलंडमधल्या फेअर आयल नावाच्याच एका छोट्या बेटावरच्या बायकांच्या विणकामातून आला, १९२० च्या दशकात इथल्या राजपुत्राने गोल्फ खेळताना घातला आणि सगळ्या देशात फॅशन झाली. मला दोन्ही शोभतात आणि उबेला तर तोड नाही, डिसेंबरात इथे पावणेचारला अंधार पडतो.

स्वेटरचं वेड लागलं ते टीव्हीमुळे. बीबीसीवर ‘द ट्रेटर्स’ लागतं, एका किल्ल्यात लोकांना एकत्र ठेवतात, त्यातले काही गुपचूप गद्दार आणि बाकीच्यांनी त्यांना शोधायचं. क्लॉडिया विंकलमन जाडजूड स्वेटर आणि बोटं उघडी असलेले हातमोजे घालून ते चालवते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा स्वेटर कुठला, केवढ्याला, यावर लेख. २०२५ च्या सेलिब्रिटी सीझनमध्ये तर डेव्हिड ओलुसोगासारखा इतिहासकार शेवटपर्यंत होता आणि विनोदवीर अ‍ॅलन कार जिंकल्यावर ढसाढसा रडला. आम्ही चौघी फ्लॅटमेट किचनमध्ये एका लॅपटॉपवर बघतो, टीव्ही बघायला इथे वर्षाचं लायसन्स लागतं, त्याचे पैसे वाटून घेतलेत.

हाच खेळ आपल्याकडे पण आला, करण जोहरने जैसलमेरला केला, आणि २०२५ मध्ये तो निकिता लूथर आणि उर्फी जावेद जिंकल्या. उर्फीचं नाव काढलं की मामाचं ठरलेलं, ‘ती कपड्यांवाली?’ हो, तीच. २०२३ च्या जानेवारीत भाजपच्या चित्रा वाघ तिच्या कपड्यांवरून मुंबई पोलिसांकडे गेल्या होत्या आणि आमचा ग्रुप तेव्हाही असाच पेटला होता. पोरगी डोकं लावून एक अवघड खेळ जिंकली तरी तिला शिव्या आणि धमक्याच आल्या, तिने स्वतः स्क्रीनशॉट टाकले. इथले पेपर काय सोवळे आहेत का असं मामा विचारेल. नसतील, पण एका बाईच्या कपड्यांसाठी राजकारणी माणूस पोलिसात गेल्याचं मी तरी इथे बघितलं नाही.

ट्रेटर्सवरून आमच्या किचनमध्ये खरी भांडणं मात्र मैत्रीवर होतात. बीबीसीच्या आयप्लेयर अ‍ॅपवर जुना सीझन बघितला, २०२४ चा, त्यात मॉली नावाची स्पर्धक शेवटपर्यंत हॅरीवर विश्वास ठेवते आणि तो गद्दार निघतो, बक्षिसाचे ९५,१५० पौंड घेऊन जातो. आयर्लंडमधल्या डोनेगलची माझी फ्लॅटमेट म्हणते खेळ आहे, त्यात काय. मला ते नाही पटलं, अजूनही नाही पटत, मैत्रिणीचा हात धरून तिला फसवायचं आणि त्याला खेळ म्हणायचं हे माझ्याने होणार नाही. नायजेरियातल्या लागोसची दुसरी फ्लॅटमेट माझ्या बाजूने होती, तेव्हापासून आमची गट्टी जमली.

पण मैत्रीबद्दल मला एक बोलायचंय आणि ते मी ग्रुपवर लिहिणार नाही. इथे सगळी चांगली माणसं आहेत, आजारी पडले तर सूप आणून देतात, पण भेटायचं तर आधी तारीख ठरवून, आणि तुमच्याकडे निरखून कुणी बघत नाही. दिवाळीत मी आईची काठपदराची साडी नेसून हिलहेडच्या भुयारी ट्रेनच्या स्टेशनवर उतरले, वरती आले, सगळा रस्ता चालत गेले, एकाही माणसाने मान वळवली नाही. हेच तर मी ग्रुपवर भांडून भांडून मागत होते आणि त्या दिवशी मला त्याचंच इतकं वाईट वाटलं की काय सांगू. रात्री पुण्याच्या रूममेटला व्हिडिओ कॉल केला तर पहिल्याच सेकंदाला ती म्हणाली, ‘अगं निऱ्या वरखाली झाल्यात, आणि हे काय गळ्यात, दुसरं काही नव्हतं का?’ मला रडूच आलं, आनंदाने. हॉस्टेलला असताना हीच मला दारातून मागे ओढायची, हा रंग नको तो घाल म्हणायची आणि स्वतःची ओढणी काढून द्यायची. इथे माझ्यासाठी एवढा जीव टाकणारं कुणी नाही आणि ते कशानेच भरून निघत नाही.

मामा लगेच म्हणेल, बघ, मग आमचं बघणंच तुला का खुपतं? मामा, तिची नजर वेगळी. मी चांगली दिसावी एवढंच तिला वाटतं. पुण्यात आमच्या कॉलेजच्या गेटवर ओढणी आहे का नाही बघायला एक मॅडम उभ्या असायच्या, त्यांना माझं नाव पण माहीत नव्हतं. पावसात चिंब भिजून आले होते तेव्हासुद्धा त्यांनी आधी ओढणीच विचारली. त्या नजरेसाठी मी परत यायला तयार नाही, आणि रूममेटच्या नजरेसाठी उद्या विमानात बसेन. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच गावात आहेत हाच माझा त्रास आहे, तिकडचं वारं लागलंय असं म्हणून तो सुटत नाही.

मामा, तुझी स्वतःची लेक जूनमध्ये कॉलेजला जाणार. तिने काय घालावं यावर ग्रुपवर शंभरेक मेसेज झाले असतील, पण कुठल्या कॉलेजात लॅब धड चालते, मुलींचं टॉयलेट स्वच्छ असतं का, संध्याकाळच्या प्रॅक्टिकलनंतर परतीची बस मिळते का, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. ती चौकशी तू या आठवड्यात कर, इथून फोन लावण्यासारखे आहेत ते मी लावते.