गर्शविनचे बत्तीस बार आणि आपली ‘मूळ चाल’

कुणी नाट्यपद पियानोच्या साथीनं, चालीतल्या जागा बदलून गायलं की महाराष्ट्रात वाद ठरलेला. एक बाजू म्हणते मोडतोड झाली, दुसरी म्हणते कलावंताला मोकळीक हवी. बदल करताना जागेवर काय ठेवायचं, हे मात्र दोन्हीकडचं कुणी बोलत नाही. इथे न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांनी अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्शविनच्या गाण्यांचं जे केलं, त्यात याचं अगदी नेमकं उत्तर आहे.

‘आय गॉट ऱ्हिदम’ हे १९३० च्या ‘गर्ल क्रेझी’ या ब्रॉडवे संगीतिकेतलं गाणं. मूळ लांबी ३४ बार, इथे एक बार म्हणजे चार मात्रांचा खंड. आठ बारांचा ‘अ’, तोच पुन्हा, मग वेगळा ‘ब’ म्हणजे ब्रिज, शेवटी परत ‘अ’, आणि त्याला जोडलेले दोन जादा बार. जॅझवाल्यांनी आधी हे दोन बार काढले. गाणं एकदाच गायचं असेल तर ते शेपूट शोभतं, पण त्याच साच्यावर चार-पाच वादक फेऱ्यामागून फेऱ्या वाजवणार असतील तर प्रत्येक फेरीला ठेच लागते.

सोळा मात्रांच्या तीनतालात मोजलं की हे चटकन कळतं. ३२ बार म्हणजे १२८ मात्रा, बरोबर आठ आवर्तनं. दर दोन आवर्तनांनी नवा भाग समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर सुरू होतो. जादा दोन बार ठेवले तर १३६ मात्रा होतात, म्हणजे साडेआठ आवर्तनं, आणि पुढची फेरी ‘खाली’पासून, म्हणजे नवव्या मात्रेवरून उचलावी लागते. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत अख्खी फेरी ३२ सेकंदांत संपते, त्यामुळे चुकलेल्याला सावरायला वेळच नसतो. नवखा चुकतो तो बहुधा सांध्यावर. एका फेरीचा शेवटचा ‘अ’ आणि पुढच्या फेरीचे पहिले दोन, असे तीन ‘अ’ लागोपाठ येतात. अशा वेळी ब्रिजकडे कान ठेवायचा. तिथे डी, जी, सी, एफ हे सेव्हन्थ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे चार सूर, दोन-दोन बार ठाम उभे राहतात.

हा सांगाडा, म्हणजे बारांची मांडणी आणि कॉर्डचा क्रम, शाबूत ठेवून वरची सुरावट पूर्ण नवी करायची, ही त्यांची रीत. ड्यूक एलिंग्टनचं ‘कॉटन टेल’ (१९४०) आणि सनी रोलिन्सचं ‘ओलिओ’ (१९५४) ही दोन्ही याच सांगाड्यावर उभी आहेत. ‘ओलिओ’त तर ब्रिजची सुरावट लिहिलेलीच नाही, वादकानं ती तिथल्या तिथे रचायची. यात एक अन्यायही आहे. अमेरिकेत सुरावटीला कॉपीराइट मिळतो, कॉर्डच्या अशा सर्रास चालणाऱ्या क्रमाला मिळत नाही. त्यामुळे या नव्या रचनांचा पैसा गर्शविनच्या वारसांकडे गेला नाही. हे मला आजही खटकतं.

कॉपीराइट चालू असलेलं एखादं गाणंच पुन्हा ध्वनिमुद्रित करायचं असेल तर अमेरिकेत १९०९ पासून सक्तीच्या परवान्याची सोय आहे. ठरलेला दर भरा, मालक अडवू शकत नाही. मूळ सुरावट आणि गाण्याचा स्वभाव राखून आपल्या शैलीत मांडणी करायलाही मुभा आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्यातलं याच सोयीचं कलम ३१-सी फार आवळलेलं आहे. पहिल्या ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबा, ज्या वर्षी प्रती काढाल त्या वर्षाची किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरा, आणि तांत्रिक गरज सोडून कुठलाही नवा बदल मालकाच्या संमतीशिवाय करू नका. भावगीताची नवी मांडणी करू पाहणारा तरुण संगीतकार या शेवटच्या अटीवर अडतो. ती अट सैल व्हायलाच हवी.

पण जुन्या नाट्यपदांना ही अडचण नाही. ‘संगीत स्वयंवर’ १९१६ चं. चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, पदं लिहिणारे खाडिलकर १९४८ मध्ये. कॉपीराइट मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, ती दोघांच्याही बाबतीत केव्हाच उलटली. कुलूप राहिलंय ते आपल्या कानांवर. आणि त्या चालींतल्या कितीतरी मुळात ख्यालाच्या बंदिशींवरून आलेल्या! जॅझवाल्यांनी सांगाडा ठेवून सुरावट बदलली, आपल्याकडे सुरावट ठेवून शब्द बदलले. बखलेबुवांनी केलं ते चालतं, तर आज कुणी विचारपूर्वक केलेलं का चालू नये?

विचारपूर्वक म्हणजे कसं, ते ‘स्वयंवर’मधलं ‘नाथ हा माझा’ घेऊन सांगतो. जॅझमध्ये आधी मूळ चाल अखंड वाजते, मग विस्तार होतो, शेवटी पुन्हा चाल येते. तसंच पद एकदा जसंच्या तसं गावं, म्हणजे पुढे काय बदललं ते ऐकणाऱ्याला कळतं. पद यमनमधलं. सा पांढरी एक, म्हणजे सी धरला तर पियानोवाला सवयीनं एफ मेजर कॉर्ड वाजवतो आणि डाव्या हातात शुद्ध मध्यम घुसतो. वर गळा तीव्र मध्यमावर, खाली शुद्ध, तिथेच यमन संपतो. त्या जागी डी मेजर घ्यावा. त्याचे सूर रे, तीव्र म, ध, तिन्ही यमनचेच.