ऐंशीला टुंग

ताशी ८० ओलांडले की टुंग वाजवणारी आमची नवी गाडी सोलापूर शहराच्या हद्दीत एकदाही वाजलेली नाही, आणि वाजेल अशी आशाही नाही. ताशी ८० गाठायला जेवढा सलग मोकळा रस्ता लागतो, तेवढा सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत कुणी पाहिला असेल तर त्याने पुढे यावं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडून. तिसरा गिअर पडायच्या आत समोर रिक्षा थांबते. रिक्षा हलली की एका स्कूटरवरचा शेजारच्या स्कूटरवरच्याला "कुठं बे?" विचारतो, आणि सिग्नल सुटल्यावर गप्पांना खरा रंग चढतो. जानेवारीत गड्डा यात्रा भरली की मग गिअर हा विषयच संपला.

म्हणजे वेगाला आवर घालायची सोय सोलापूरने केव्हाच करून ठेवली होती, सरकारला जाग उशिरा आली. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेगाची सूचना देणारं यंत्र सक्तीचं झालं. ८० ओलांडले की दर मिनिटाला टुंग. १२० ओलांडले की मग थांबायचं नाव नाही. शोरूममधल्या पोराने हे सगळं स्वतःच बसवल्यासारखं कौतुकाने सांगितलं. मी रंग कुठला घ्यावा या विचारात होतो. नाना मात्र कान देऊन ऐकत होते. नाना म्हणजे माझे वडील, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर.

हे यंत्र गाडी हळू करत नाही, हे आधी सांगायला हवं. ते ब्रेक लावत नाही, पेट्रोल तोडत नाही. ते फक्त चुगली करतं. आणि माझं म्हणणं असं आहे की गाडीत माणसं बसलेली असताना चुगली पुरते, बाकी काही बसवायची गरज नाही. आजवर वेग हा मी आणि काटा यांच्यातला खाजगी मामला होता. मागे बसलेल्यांना वाऱ्यावरून, झाडांवरून अंदाज बांधावा लागे. काचा लावून एसी सुरू केला की तोही बंद. आता दर मिनिटाला जाहीर निवेदन.

पुण्याला आत्याकडे निघालो तेव्हा बाळे, केगाव मागे पडेपर्यंत सगळे आनंदात होते. रस्ता मोकळा झाला, मी जरा पाय दाबला आणि टुंग.

"वाजलं," नाना म्हणाले.

"ऐकलं मी."

"ऐकलंस तर पाय का नाही उचलला?"

नानांच्या मांडीवर आत्यासाठी घेतलेला शेंगाचटणीचा स्टीलचा डबा होता. दर टुंगला ते डब्याच्या झाकणावर बोट आपटायचे. म्हणजे गाडीत एकाऐवजी दोन सूचना यंत्रणा झाल्या, आणि दुसरीचा आवाज जास्त खणखणीत. बायको मागून म्हणाली, "अहो, ती गाडीसुद्धा सांगतेय आता." या 'सुद्धा'मध्ये लग्नापासूनचा हिशोब होता.

मी कायद्याचा आधार घेतला. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर मोटारींना कमाल १०० ची मुभा आहे. म्हणजे पाटी वेगळं सांगत नसेल तर ९० ने जाणारा माणूस कायद्याने निर्दोष आणि स्वतःच्या गाडीत आरोपी. वर, स्पीडोमीटरचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही असा नियम असल्याने कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात. काटा ८२ म्हणतो तेव्हा गाडी कदाचित ८० च्या आतच असते. हे सगळं मी मोहोळपर्यंत मुद्देसूद मांडलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि झाकण वाजवलं.

मोहोळच्या पुढे ट्रक आले. मालवाहू गाड्यांना नुसती सूचना नसते, त्यांचा वेग गव्हर्नर नावाच्या यंत्राने खरोखरच बांधलेला असतो, ८० च्या वर जाताच येत नाही. आता होतं काय, की पुढचा ट्रक ज्या वेगाने चाललाय त्याहून मागच्याचा गव्हर्नर किंचित सैल असतो. तेवढ्या भांडवलावर तो ओव्हरटेक करायला निघतो. आपल्या बाजूला लेन दोनच. दोन्ही ट्रक शेजारी शेजारी, पंढरपूरला दिंडी निघाल्यासारखे, एकमेकांना सोडायला तयार नाहीत. मागे आम्ही आणि आमच्या मागे हॉर्न. एकदाची फट मिळाली आणि मी सटकलो तर टुंग. त्या टुंगला तरी काही संदर्भ कळावा की नाही? ट्रकच्या शेजारी रेंगाळणं धोक्याचं, हे नानांनीच मला शिकवलंय. पण या वेळी ते म्हणाले, "आमच्या एसटीचा वेग बांधलेला होता. तरी टेंभुर्णीला कधी लेट नाही पोचलो." टेंभुर्णी स्टँडवर ताटकळलेल्या प्रवाशांपैकी कुणी आज गाडीत असता तर बरं झालं असतं.

म्युनिकमधल्या भाच्याला हे दुःख सांगितलं तर तो हसला. "मामा, तुमचं यंत्र तर साधं आहे. युरोपियन युनियनमध्ये ७ जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना वेगाची हुशार यंत्रणा सक्तीची आहे. कॅमेरा रस्त्यावरची पाटी वाचतो, नकाशाही बघतो." मर्यादा ओलांडली की गाडी आवाज देते, पायाखालचं पेडल थरथरवते किंवा वर ढकलते, नाहीतर हळूच वेग उतरवते. आपण जोर लावला तर ऐकते, बंदही करता येते. पण पुढच्या वेळी गाडी सुरू केली की पुन्हा हजर. फोन स्पीकरवर होता. "हे आपल्याकडे कधी येणार रे?" नानांनी विचारलं. त्यांचा चेहरा असा खुललेला मी नातवाच्या बारशानंतर पाहिला नव्हता.

माझं मत स्पष्ट आहे. कॅमेरा आणायचा तर आधी पाट्या धुऊन घ्या. आमच्याकडे निम्म्या पाट्यांवर कुणा ना कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस असतो. उरलेल्यांतली एखादी 'काम चालू, ताशी २०' अशी असते. पूल बांधून, उद्घाटन होऊन, वर पहिला खड्डासुद्धा पडलेला असतो, पण पाटी जागची हलत नाही. त्या बिचाऱ्या कॅमेऱ्याने ती श्रद्धेने वाचली, तर आम्ही इंदापूरला मुक्कामच करायचा.

मधल्या काळात एका ओळखीच्या मेकॅनिककडेही जाऊन आलो. सीटबेल्टचा आवाज गप्प करणाऱ्या क्लिपा पूर्वी ऑनलाइन सर्रास मिळायच्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या काढायला लावल्या, आणि ते योग्यच झालं, कारण तो आवाज खरोखर जीव वाचवतो. पण या टुंगसाठी काही साधी युक्ती? तो म्हणाला, "मालक, ते मीटरच्या आतच असतंय. त्याला हात लावला की वॉरंटी गेली बघा. त्यापेक्षा नानांना मागं बसवा की." मागे बसवून पाहिलं. डबा त्यांच्याबरोबर मागे गेला.

खरी कमाल आत्याने केली. आम्ही भिगवणच्या आसपास असताना तिचा फोन आला. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला. ती "कुठपर्यंत आलात?" म्हणेपर्यंत टुंग झालं. "हे काय वाजलं?" नानांनी तिला यंत्राची माहिती सविस्तर पुरवली, शोरूममधल्या पोरापेक्षा चांगली. त्या दिवसापासून आत्या गाव विचारत नाही. फोन लावते, मिनिटभर काही न बोलता कान देऊन बसते, आणि वाजलं की म्हणते, "बरं, मग भात आत्ताच लावते."