आधी विचारा

आमच्या घरात नेट गेलं की पहिली बातमी आईकडून येते. "अरे, ते गोल गोल फिरतंय," एवढंच ती म्हणते. मग मी हातातलं काम टाकून उठतो, कारण घरातला कॉम्प्युटर मी विकत आणलेला आहे आणि तेवढ्या एका पात्रतेवर मी इथला तज्ज्ञ आहे.

त्या रविवारी ते सकाळी साडेआठलाच फिरायला लागलं. आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला, चारदा वीज गेली-आली आणि त्यात आमच्या नेटच्या डब्याची एक बाजू लुळी पडली. वायरमधून नेट येत होतं, वायफायचा दिवा मात्र विझलेला. कंपनीला फोन लावला. "सर, आज रविवार आहे." हे मला माहीत होतं. नवा राउटर घ्यायला तपकीर गल्ली आमच्यापासून पंधरा मिनिटांवर, पण साडेआठला तिथं कुठली शटरं वर गेलेली असणार!

एरवी मी म्हटलं असतं, राहू दे उद्यापर्यंत. पण अकरा वाजून दहा मिनिटांनी नाशिकला मावशीच्या नातीचा साखरपुडा होता आणि तो थेट दिसणार होता. गुडघ्यांमुळे आईला प्रवास नको, आणि आईला एकटं ठेवायला नको म्हणून मलाही नको. हे दुसरं कारण मला मनापासून पटलं होतं. बायको आणि मुलगी आमच्या वतीने गेल्या होत्या. आई पहाटेच न्हाऊन, जरीकाठी साडी नेसून टॅबसमोर बसली होती. ते लोक तुला बघू शकणार नाहीत, असं मी दोनदा सांगून पाहिलं. "असू दे. आपल्याकडून कमी नको."

मोबाइलचा डेटा काय वाईट होता, असं कुणी विचारेल. त्याने सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात चार दिवस राहून बघावं. आमच्या भिंतींची जाडी दीड हात. रेंज येते ती गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दांडीच्या डाव्या टोकाला, आणि तीही ओला टॉवेल नसेल तर.

तेव्हा ठरलं, लॅपटॉपला वायर खुपसायची आणि त्याचाच हॉटस्पॉट चालू करायचा. हे मी पूर्वी केलेलं होतं. गेल्याच आठवड्यात तासभर बसून मी त्या हॉटस्पॉटचं नावही बदललं. मला हवं होतं 'विचारून जोडावे'. पण वायफायच्या नावाला ३२ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं, आपलं एकेक अक्षर आणि एकेक काना-वेलांटी तीन-तीन बाइट खाते. 'विचारून जोडावे' भरलं चाळीस. शेवटी 'आधी विचारा' वर तोडगा निघाला, अठ्ठावीस बाइट. पेठेतली पाटी बाइट मोजून लिहायची वेळ माझ्या आजोबांवर आली नव्हती. नाव बदलता बदलता शेजारी दिसलेल्या एक-दोन गोष्टींनाही मी हात लावला होता, पण ते नंतर.

सेटिंगमध्ये गेलो, हॉटस्पॉटचं बटण सरकवलं. उत्तर आलं की आधी वाय-फाय चालू करा. नेट वायरने येत असलं तरी वाटप लॅपटॉपमधलं वायफायचं कार्डच करतं, आणि ते झोपलं होतं. कीबोर्डवर एका बटणाला विमानाचं चित्र असतं, ते दाबलं गेलं होतं. आई शनिवारी लॅपटॉप पुसते. विमान उतरवलं, हॉटस्पॉट लागला. जोडलेली उपकरणं: आठपैकी शून्य. आठ! आमच्या घरात एवढी माणसंसुद्धा जेवायला बसत नाहीत.

टॅब बघतो तर चार टक्के बॅटरी. चार्जर देवघरातल्या फडताळात सापडला. (का, ते विचारू नका.) परत येईस्तोवर हॉटस्पॉट बंद. पुन्हा लावला, चहा टाकून आलो, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा खालची ओळ वाचली. पॉवर सेव्हिंग नावाची सोय असते आणि काही मिनिटं कुणीच जोडलेलं नसलं की हॉटस्पॉट आपला आपण मिटतो. मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. खोलीत कोणी नाही आणि पंखा चालू आहे, हे आईला आयुष्यभर सहन झालेलं नाही. मी उठून दाराशी पोचलो की मागे खट्ट आवाज होतो. ती सोय मी बंद केली, आईला न सांगता.

आता आकडा शून्याचा एक झाला. मी ओरडलो, "आई, आलं!" आई म्हणाली, "कुठाय?" आलेला एक म्हणजे माझ्या खिशातला फोन होता. त्यावरही 'इंटरनेट नाही'. कुठलं नेट वाटायचं, त्या रकान्यात गेल्या आठवड्यातलं 'वाय-फाय' तसंच पडून होतं. तिथं 'इथरनेट' निवडलं आणि फोनवर नेट धो धो यायला लागलं. टॅबच्या यादीत मात्र 'आधी विचारा' नाहीच. समोरच्या क्लासचं दिसतंय, खालच्या भांडेवाल्याचं दिसतंय, माझं नाही.

"माझ्या फोनवर बघतेस?"

"काडेपेटीएवढ्यात साखरपुडा?"

दहा वाजले. भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीत नोकरीला आहे आणि रविवारी दहा ही त्याची मध्यरात्र.

"मामा, बंद करून चालू केलंस?"

"चारदा."

मग त्याने मला अशा ठिकाणी नेलं जिथं मी घरमालक असूनही पूर्वी गेलो नव्हतो. डिव्हाइस मॅनेजर, त्यात लपवलेली उपकरणं दाखवा, त्यात वाय-फाय डायरेक्ट व्हर्च्युअल अ‍ॅडॅप्टर. तो बंद करून चालू केला. मग 'सर्व्हिसेस'ची लांबलचक यादी, तीत इंटरनेट कनेक्शन शेअरिंग नावाची सेवा. ती धडधाकट चालू होती, तरी दोघांनी मिळून तिलाही एकदा उठवून बसवलं. पत्ता बघायला लावला, तर १९२.१६८.१३७.१. "बरोबर आहे," तो जांभई देत म्हणाला, "हॉटस्पॉटचा तोच असतो." जे जे तपासावं ते बरोबर निघत होतं, आणि घड्याळ पुढे जात होतं. शेवटी त्याने काळ्या खिडकीत 'नेटश विनसॉक रीसेट' असं काहीसं टाइप करायला लावलं आणि म्हणाला, आता रीस्टार्ट कर.

दहा बावन्नला रीस्टार्ट केलं. साठून राहिलेले अपडेट त्याच क्षणी सुरू झाले. कॉम्प्युटर बंद करू नका, ३७ टक्के. आईने खुर्ची माझ्या शेजारी ओढली आणि आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत बसलो. अकरा दहाला मुहूर्ताची वेळ झाली तेव्हा तो ८१ वर होता. आईने हळूच त्या ८१ कडे बघत हात जोडले. नाशिकच्या दिशेने जोडले असावेत.

अकरा पंचविसाला लॅपटॉप उठला. फोन लगेच जोडला गेला, टॅबला काहीच दिसेना. भाच्याला तसं सांगितलं.

"थांब. तुझ्या फोनला दिसतंय?"

"सकाळपासून."

पलीकडे थोडा वेळ शांतता. "मामा, हे आधी सांगायचंस ना."

"तू आधी विचारायचंस."

"बँड काय ठेवलायस?"

तर नावाच्या शेजारी मी हात लावलेली गोष्ट ही होती. माझा फोन जोरात पळावा म्हणून २.४ च्या जागी ५ गिगाहर्ट्झ निवडलं होतं. आईचा टॅब जुना, त्याला फक्त २.४ समजतं. ५ वर चाललेलं नाव त्याच्या यादीत उमटतच नाही. आणि आमच्या असल्या भिंतींतून आरपार जायलाही २.४ च बरं. एक रकाना बदलला. दहा सेकंदं लागली.

आतून आईचा आवाज आला, "अरे, इथं 'आधी विचारा' असं आलंय. कुणाला विचारू?"

जोडून दिलं. अंगठ्या केव्हाच घालून झाल्या होत्या, पडद्यावर पंगत बसली होती. आई पदर सावरून पुढे सरकली. तेवढ्यात बायकोचा फोन आला म्हणून गॅलरीत गेलो.

"आईंना दिसलं का सगळं नीट?"

मी सगळी हकिगत सांगितली. अ‍ॅडॅप्टर, विनसॉक, बँड, काही वगळलं नाही.

"अहो, पण लॅपटॉपवर नेट सकाळपासून होतं ना? मग तोच आईंच्या पुढ्यात का नाही ठेवलात?"

दांडीच्या डाव्या टोकाला उभा होतो. टॉवेल वाळलेला, चारही काड्या भरलेल्या. "आवाज तुटतोय गं तुझा," म्हटलं आणि फोन बंद केला.

आत आई टॅबला नाक लावून बसली होती.

"मठ्ठा पातळ दिसतोय रे."