भोसरीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर: माणसं वाढली, पण कुणाच्या मस्टरवर?

मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवर मशिनरीच्या घाऊक व्यापारातल्या निम्म्या नोकऱ्या गेल्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, 'नागदेवी स्ट्रीटच्या एका गल्लीवरून अख्ख्या मशिनरी होलसेलची कुंडली मांडू नका. सरकारी पाहणीत रोजगार वाढलाय. तुम्हाला फक्त जुन्या पेढीची आठवण येते.'

आठवण येते, खरंच. बेअरिंग, मोटर आणि पंप विकणाऱ्या एका पेढीत मी २२ वर्षं हिशेब लिहिले. आणि 'निम्म्या नोकऱ्या गेल्या' हे माझं वाक्य आमच्या आणि शेजारच्या तीन-चार गाळ्यांवर बेतलेलं होतं. ते खोडलं आहे.

पण तुम्ही दिलेला आकडा तरी या धंद्याचा कुठे आहे? १०.९६ कोटी काम करणाऱ्या माणसांवरून १२.०६ कोटी ही २०२२-२३ ते २०२३-२४ मधली वाढ एएसयूएसई या, कंपनी म्हणून नोंद नसलेल्या बिगरशेती आस्थापनांच्या, सरकारी पाहणीतली. तिच्यात शिंपी, किराणावाला, सलूनवाला, सगळे आले. मशिनरीचा घाऊक व्यापार म्हणजे एनआयसी या सरकारी उद्योग-वर्गीकरणातला ४६५ हा गट, आणि त्यातही कॉम्प्युटर विकणारे आपल्याबरोबरच बसतात. शिवाय ही पाहणी कंपन्या मोजतच नाही. भागीदारी पेढी प्रायव्हेट लिमिटेड झाली की माणसं त्याच गाळ्यात, त्याच खुर्चीवर, पण पाहणीतून गायब. उलट एखाद्या सेल्समनचा पगार बंद करून त्याला कमिशनवर सोडला, की तो स्वतःच एक आस्थापना होतो. गटही बदलतो: ४६१, म्हणजे कमिशनवरचा घाऊक व्यापार. नोकरी गेली आणि आस्थापना एकाने वाढली!

नोकऱ्या ऑनलाइन पोर्टलने खाल्ल्या, असं मी म्हटल्याचं तुम्ही धरून चाललात. माझा रोख जुने कर जाण्यावर होता. १ जुलै २०१७ पर्यंत मुंबईत जकात होती. माल नाक्यावर आला की कागद घेऊन धावायला आमचा एक माणूस ठरलेला. परराज्यातल्या विक्रीवर केंद्रीय विक्रीकर कमी दराने बसावा म्हणून सी फॉर्म लागायचा. तो गिऱ्हाइकाकडून उकळायचा म्हणजे वर्षभर पत्रं, फोन, मिनतवाऱ्या. एका कारकुनाचं पोट त्यावर चालायचं. केंद्रीय विक्रीकराची वजावट मिळत नसे, म्हणून बड्या उत्पादकांनी राज्याराज्यांत डेपो उघडले होते. माल एफ फॉर्मवर, म्हणजे विक्री न दाखवता, तिथे पाठवायचा आणि स्थानिक विक्री दाखवायची. प्रत्येक डेपोत एक स्टोअरकीपर, एक हिशेबनीस, एक शिपाई. जीएसटी आला आणि या डेपोंचं मुख्य कारणच संपलं. कर सुटसुटीत झाला याबद्दल माझी तक्रार नाही. सी फॉर्मच्या मागे धावण्यात कुणाचं आयुष्य जावं असं मलाही वाटत नाही. पण तो कारकून पन्नाशीचा होता, आणि मालवाहतुकीचं ऑनलाइन ई-वे बिल बनवायला मालकाचा भाचा पुरला.

मग ती कामं गेली कुठे? बरीचशी भिवंडीला. तिथल्या गोदामात माल उतरवणारा, स्कॅन करणारा, पॅक करणारा पोरगा मोटर आणि पंपच हाताळतो. पण गोदाम तिसऱ्याचं असेल तर तो गोदाम-व्यवसायात मोजला जातो, आणि एजन्सीमार्फत आला असेल तर मनुष्यबळ पुरवठ्यात. होलसेलच्या रकान्यात तो नाहीच. म्हणजे तुम्ही म्हणता तशी माणसं वाढली असतीलही, फक्त ती पेढीची राहिली नाहीत. (हमालांचं तसं आधीपासूनच होतं. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे त्यांची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळात भरायची, त्यामुळे पेढीच्या मस्टरवर त्यांची नावं कधीच नव्हती. पण त्यांच्या पाठीशी मंडळ तरी होतं.)

'मग पोरांनी या धंद्यात येऊच नये का?' असं तुम्ही चिडून विचारलंत. यावं की! फक्त काउंटरवर उभं राहून कॅटलॉगमधला नंबर सांगायला नको; तो नंबर गिऱ्हाइकाला आता मोबाइलवर सापडतो. रात्री अकराला पंप बंद पडला, तर अलाइनमेंट बघणारा, मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचं सेटिंग करून देणारा आयटीआयवाला आजही शोधून मिळत नाही. आमच्या पेढीने शेवटची भरती केली ती अशाच दोघांची, आणि माझ्या जागी कुणालाच घेतलं नाही.

तुमचा भोसरीला गाळा आहे म्हणालात, म्हणून एक विनंती. २०१६ च्या दिवाळीचं बोनस रजिस्टर काढा आणि यंदाचं शेजारी ठेवा. मस्टरवरची नावं किती, आणि कंत्राटदाराच्या बिलावरची किती, एवढं मोजून इथेच लिहा. आकडा माझ्या विरुद्ध गेला तरी छापेन.