खुलासा: तो व्हिडिओ दुर्बिणीतला नाही
सिद्धेश्वर तलावावर फिरणाऱ्या आपल्या ग्रुपवर मी टाकलेला व्हिडिओ आता सोलापूरभर फिरतोय: ‘देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेवर आदळली, दुर्बिणीतून चित्रीकरण’. (दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह; देवयानी म्हणजे आपल्या शेजारची अँड्रोमेडा.) चूक माझीच. ते कॉम्प्युटर सिम्युलेशन आहे, म्हणजे गणितावरून कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्रण. थांबवून बघा, कोपऱ्यात वर्षांचा आकडा कोटी-कोटींनी उडतो. एवढा वेळ कॅमेरा कोण धरणार? देवयानी अजून 25 लाख प्रकाशवर्षं दूर आहे.

व्हिडिओत दिसणाऱ्या ताऱ्यांच्या लांब शेपट्या मात्र थाप नाही. जवळच्या बाजूला दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाची ओढ जास्त, पलीकडे कमी, म्हणून दीर्घिका ताणली जाते. टूमरे या शास्त्रज्ञ बंधूंनी 1972 मध्ये हे कॉम्प्युटरवर दाखवलं. (1941 मध्ये खगोलशास्त्रज्ञ होल्मबर्गनं तर ताऱ्यांच्या जागी चक्क बल्ब मांडून हिशोब केला होता, कारण प्रकाशही गुरुत्वाकर्षणासारखाच अंतरानुसार कमी होतो!) 2025 च्या सिम्युलेशननुसार पुढच्या 1000 कोटी वर्षांत देवयानी आणि आपली आकाशगंगा एक होण्याची शक्यता निम्मीच.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथे हा खुलासा टाका.