‘किती गोड जाहिरात!’ म्हणे

सकाळी चहा घेता घेता फेसबुक उघडलं आणि डोकं सटकलं. जुन्या फोटोंच्या एका ग्रुपवर कुणीतरी स्वातंत्र्यापूर्वीच्या मराठी वर्तमानपत्राचं कात्रण टाकलंय. धातुपुष्टीच्या गोळ्यांची जाहिरात. पिळदार मिशांचा पहिलवान, शेजारी गोळ्यांची डबी, खाली ‘गुण न आल्यास पैसे परत’ आणि ‘पत्रव्यवहार गुप्त राखला जाईल’. त्याखाली नुसता बदामांचा पाऊस. ‘किती गोड!’ ‘काय ती भाषा!’ ‘तेव्हाची माणसं किती निरागस होती ना!’

निरागस? कोण निरागस? गोळ्या विकणारा, की ती जाहिरात छापून पैसे मोजून घेणारा?

मला त्यात गोड काही दिसत नाही, कारण मला त्यात आमचे दाजीआजोबा दिसतात. माझ्या वडिलांचे चुलत काका. मामलेदार कचेरीत कारकून, अक्षर मोत्यासारखं, स्वभाव गरीब गाईचा, आणि जन्मभर एकटे. आमच्या घरात त्यांचं नाव निघालं की मोठी माणसं एकमेकांकडे बघून हसायची. ‘दाजींची व्ही.पी. आली का रे?’ हा आमच्या घरचा ठरलेला विनोद होता. (व्ही.पी. म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन सोडवायचं पार्सल.) आम्हा पोरांना त्यातलं काही कळायचं नाही, तरी आम्हीही हसायचो.

ते गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक आमच्या माळ्यावर आली. मी कॉलेजात असताना ती उघडली. वर दोन धोतरं आणि जुनी पंचांगं. खाली चपट्या बाटल्या, काहींच्या तळाशी काळं काहीतरी वाळून घट्ट बसलेलं. सुतळीने बांधलेला पोस्टाच्या पावत्यांचा गठ्ठा. आणि कोपरे झिजलेली एक पुस्तिका, ‘मोफत मागवा’वाली. शेवटच्या पानांवर प्रश्न छापलेले: झोप शांत लागते का? सकाळी उठल्यावर थकवा वाटतो का? चारचौघांत बोलताना लाज वाटते का? पाठ दुखते का? प्रत्येक प्रश्नापुढे शिसपेन्सिलीने मोडीत काहीतरी लिहिलेलं. मला मोडी येत नव्हती, म्हणून वडिलांना दाखवलं. सगळीकडे ‘होय’ होतं.

आता सांगा, दिवसभर कचेरीत मान मोडून लिहिणाऱ्या कुठल्या तरुण कारकुनाची पाठ दुखत नाही? कुणाला चारचौघांत लाज वाटत नाही? पण ही सगळी म्हणे एका भयंकर गुप्तरोगाची लक्षणं, आणि त्यावर औषध एकच. त्यांचंच. धडधाकट माणसाला आधी आजारी ठरवायचं आणि मग त्यालाच औषध विकायचं, हा धंदा. आणि याला तुम्ही बदाम देताय.

हा धंदा चालला कसा, तर पोस्टावर. १८७७ साली सरकारने व्ही.पी.ची सोय केली. कार्ड टाका, पार्सल येईल, पैसे पोस्टमनच्या हातात द्या. मुंबई-कलकत्त्याच्या औषधवाल्यांना एकदम सगळा देश गिऱ्हाईक म्हणून मिळाला, जिथे ना दवाखाना ना डॉक्टर अशी गावंसुद्धा. ‘पत्रव्यवहार गुप्त’ म्हणे! पोस्टमन आळीच्या तोंडापासून ‘दाजीबाऽऽ, व्ही.पी. आलीय, पैसे काढा’ असं ओरडत यायचा, हे मला आईने सांगितलंय. तिने ते तिच्या सासूकडून ऐकलेलं. दाजीआजोबा खाली मान घालून पैसे मोजायचे आणि अख्खी आळी ओट्यावरून बघायची.

आणि त्या जाहिरातींतले ‘स्पेशालिस्ट’! तेव्हा नावापुढे डॉक्टर लावायला अडवणारं कोण होतं? आपल्या मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा आला १९१२ साली, वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा थेट १९३८ साली. तोवर जो उठेल तो धन्वंतरी. सुवर्णपदकं काय, मामलेदार-रावसाहेबांची प्रशस्तिपत्रं काय, ‘आमचे औषध खोटे ठरविणाऱ्यास इनाम’ काय! प्लेग आला, लगेच प्लेगवर रामबाण. एकीकडे शास्त्रज्ञ हाफकिन १८९७च्या जानेवारीत मुंबईत स्वतःच्या अंगावर लस टोचून घेतोय, आणि इकडे त्याच रोगावर गोळ्या विकल्या जातायत.

कुणीतरी लगेच म्हणेल, हे आपल्याच लोकांचं का काढता, साहेब काय धुतल्या तांदळाचा होता? नव्हताच. त्याच्या बाटल्या तर बोटीने यायच्या. बीचमच्या गोळ्या, जाहिरात अशी की एका डबीचं मोल गिनीइतकं. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली असल्या औषधांची तपासणी छापली, तर बीचमच्या गोळीत निघालं काय? कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. मिसेस विन्स्लोचं तान्ह्या मुलांना शांत झोपवणारं सिरप होतं, त्यात मॉर्फिन. (झोपणारच की बिचारी! काही उठलीच नाहीत.) क्लोरोडाइन नावाचं औषध काढणारा कोलिस ब्राउन तर हिंदुस्थानातल्या फौजेतलाच डॉक्टर, आणि त्या बाटलीत अफू, भांग, क्लोरोफॉर्म, सगळा मेवा. ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने या औषधांवर मोठा अहवाल केला, तो बाहेर पडला ४ ऑगस्ट १९१४ला. त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं. अहवाल कोण वाचतो मग! नशीबसुद्धा औषधवाल्यांचंच.

पण मला साहेबाचा तेवढा राग नाही येत. तो लुटायलाच आलेला. मला राग येतो तो आपल्या वर्तमानपत्रांचा. ‘केसरी’ घ्या, ‘ज्ञानप्रकाश’ घ्या, जुने अंक ग्रंथालयात चाळून बघा. वर अग्रलेखात राष्ट्राचा उद्धार आणि चार पानं उलटली की बलवर्धक गोळ्या. ज्या पेपरावर दाजीआजोबांसारख्या पोरांचा वेदवाक्यासारखा विश्वास, त्याच पेपरात. त्यांना ती जाहिरात आणि अग्रलेख वेगळे वाटलेच नसतील. छापून आलंय म्हणजे खरं असणार!

बरं, मान्य, सरकारशी भांडणाऱ्या पत्राला पैसे कुठून तरी हवेत. मुंबईत १८९३ साली अमृतांजन काढणाऱ्या नागेश्वरराव पंतुलूंनी बामच्या पैशावर तेलुगूत ‘आंध्र पत्रिका’ उभी केली, आणि त्या बामने डोकं उतरतं हेही मान्य, माझ्या उशाशी आजही ती डबी असते. तालुक्याला धड दवाखाना नव्हता हेही खरं. पण गांधींनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ जाहिरातींशिवाय चालवलीच ना? बाकीच्यांना निदान ही एक घाण तरी वगळता आली असती.

आणि आता ज्याने माझं रक्त उकळतं ते लिहिते. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा मुलगा, रघुनाथराव कर्वे. गणिताचे प्राध्यापक, संततिनियमनाच्या कामापायी नोकरी गेली. १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. लोक त्यांना लाजत लाजत पत्रं लिहायचे, अगदी दाजीआजोबांच्या त्या पुस्तिकेतले प्रश्न, आणि कर्वे सरळ उत्तर द्यायचे की बाबा रे, हा रोग नाही, घाबरू नकोस. फुकट. व्ही.पी. नाही, गोळी नाही. बक्षीस काय मिळालं? अश्लीलतेचा खटला. १९३१ साली शंभर रुपये दंड. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला; डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दोनशे रुपये दंड झालाच. म्हणजे बघा, ‘तुला रोग आहे’ असं खोटं छापलं की ती जाहिरात आणि ‘तुला रोग नाही’ असं खरं छापलं की अश्लील! ती पहिलवानाची जाहिरात मात्र सोज्वळ, घराघरात दिवाणखान्यात पडलेली.

‘समाजस्वास्थ्य’चा एक अंक, फक्त एक, दाजीआजोबांच्या हातात पडला असता तर? माझ्या डोक्यातून हे जातच नाही. पण आमच्या गावात तो अंक कोण मागवणार? उघडपणे वाचायची तरी कुणाची छाती होती? मागवलाच असता कुणी तर आळीने त्यालाही हसूनच खाल्लं असतं.

त्यांना दोन स्थळं सांगून आली होती. दोन्हींना त्यांनी नाही म्हटलं. कारण कधीच सांगितलं नाही. आई म्हणायची, त्यातली एक मुलगी त्यांना आवडली होती, तिच्या घरावरून उगाच चकरा मारायचे. आता वाटतं, त्या माणसाने खरंच मनाशी धरलं असणार की आपण एखाद्या मुलीच्या आयुष्याचं वाटोळं करू. किती सज्जनपणा तो! आणि आम्ही हसत होतो. पगारातला केवढा भाग त्या बाटल्यांत गेला हे पावत्यांची बेरीज करून कळलं असतं. वडिलांनी करू दिली नाही. गठ्ठा बंबात घातला.

‘अहो पण तो काळ गेला.’ गेला? १९५४ साली कायदा झाला, चमत्कारी औषधांच्या जाहिरातींचा. मधुमेह, लकवा, कर्करोग धरून ५४ आजारांची यादी आहे त्यात, यांवर खात्रीचा इलाज म्हणून जाहिरात करायची नाही. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची तर नाहीच नाही. झाली की सत्तर वर्षं! आणि परवाच आमच्याकडे येणाऱ्या पेपरात: ‘मधुमेह मुळासकट बरा. सुप्रसिद्ध डॉक्टर फक्त रविवारी, बस स्टँडसमोरच्या लॉजवर, रूम नंबर अमुक.’ सोमवारी गुण नाही आला तर शोधा त्याला कुठल्या गावच्या लॉजवर शोधायचं ते.

मी फोन लावला पेपरच्या जाहिरात विभागात. एक पोरगा होता, बोलायला गोड. म्हणाला, ‘मॅडम, खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं ना, जाहिरातीतील मजकुराची खातरजमा वाचकांनी करावी. वाचलं नाही का तुम्ही?’ म्हटलं, बाळा, मी वाचलं रे, पण ज्याची साखर चारशेला गेलीय आणि दृष्टी अधू झालीय तो ते बारीक अक्षर कसं वाचणार? तर म्हणे, ‘मग संपादकांना मेल करा.’

मेल केलाय. उत्तर आलं तर इथेच टाकते. आणि ज्यांना ते कात्रण अजून गोड वाटतंय त्यांनी खुशाल मला अनफ्रेंड करा, मला रात्री झोप लागेल शांत.